रबराच्या पट्टीची किंमत : मोटारीच्या वायपरचा इतिहास

१/
जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईतील ऑपेरा हाउस परिसरातील स्पेअर पार्टच्या दुकानांत एक ठरलेले दृश्य दिसते. वायपर काचेवर पाण्याचे पट्टे ओढू लागलेला असतो. फाटलेली असते ती वीतभर ते दोन वीत लांबीची रबराची पट्टी. गिऱ्हाईक तेवढीच पट्टी मागते आणि दुकानदार मात्र खोक्यात बंद केलेली पात्यांची जोडी पुढे ठेवतो. झिजते एक वस्तू आणि विकत घ्यावी लागते दुसरीच, असे का व्हावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. हा धागा त्याविषयी.

२/
प्रारंभीच्या मोटारींना पुढची काचच नसे. चालक गॉगल लावून ऊन, वारा आणि धूळ अंगावर घेत असे. वेग वाढला तशी काच आली आणि काचेबरोबर एक नवी अडचणही आली : पावसात समोरचे दिसेना. यावर त्या काळी अमेरिकेत केले जाणारे उपाय आज गमतीचे वाटतात. काचेवर कापलेला कांदा किंवा गाजर चोळत. त्याच्या रसाचा पातळ थर बसला की पाण्याचे थेंब न साचता पाणी पसरून वाहून जाई. आपल्याकडे ओला तंबाखू किंवा कापलेला बटाटा काचेवर चोळणारे ट्रकचालक आणि रिक्षावाले अनेकांनी पाहिले असतील. त्यामागचे तत्त्व हेच आहे. वायपर परवडत नसेल किंवा बंद पडला असेल, तर माणसाने शोधलेली ही सर्वांत स्वस्त सोय होय.

३/
या कथेतील पहिले महत्त्वाचे पात्र म्हणजे मेरी अँडरसन. जन्म १८६६, अमेरिकेतील अलाबामा राज्य. बर्मिंगहॅम शहरात तिने भाड्याच्या सदनिकांची इमारत बांधली होती आणि काही वर्षे कॅलिफोर्नियात पशुपालन व द्राक्षमळाही सांभाळला होता. १९०२ च्या हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला गेली. बर्फमिश्रित पाऊस पडत होता. ती ज्या ट्राममधून प्रवास करीत होती तिच्या चालकाला समोरचे दिसावे म्हणून पुढच्या काचेचे तावदान उघडावे लागत होते. तावदान मिटले तर तो आंधळा होई आणि उघडले तर गोठवणारे पाणी थेट तोंडावर येई.

४/
मेरी अँडरसन अभियंता नव्हती. तिने पाहिले ते इतकेच, की चालकाला रस्ता किंवा ऊब यांतील एकच गोष्ट मिळते आहे. घरी परतल्यावर तिने एक योजना आखली आणि स्थानिक कारखान्याकडून तिचा नमुना करवून घेतला. आत चालकाच्या हाताशी एक दांडी, काचेबाहेर झुलणारी एक भुजा, त्या भुजेला रबर आणि रबर काचेवर सारखे दाबले जावे म्हणून एक प्रतिभार. दांडी फिरवली की भुजा काच पुसून परत जागेवर येई. १८ जून १९०३ रोजी तिने अर्ज केला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला अमेरिकेचे ७,४३,८०१ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

५/
त्या पेटंटमधील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. हे साधन चांगल्या हवेच्या दिवसांत काढून ठेवता येईल, अशी त्याची रचना होती. म्हणजे वायपर हा गाडीचा कायमचा अवयव नसून गरजेपुरता जोडायचा आणि सहज काढायचा भाग आहे, ही कल्पना त्याच्या जन्मापासूनच त्यात होती. पुढील शतकभरात नेमकी हीच गोष्ट क्रमाने कशी हरवत गेली, हे आता पाहायचे आहे.

६/
१९०५ मध्ये अँडरसनने कॅनडातील माँट्रिअल येथील एका पेढीकडे आपले पेटंट विकण्यासाठी पाठवले. त्या पेढीचे उत्तर नकारार्थी होते : या वस्तूला फारसे व्यापारी मूल्य नाही. त्या क्षणापुरते हे मत अगदीच मूर्खपणाचे म्हणता येत नाही. फोर्ड कंपनी स्थापन होऊन दोनच वर्षे झाली होती, मॉडेल टी बाजारात यायला आणखी तीन वर्षे होती आणि मोटार ही मूठभर श्रीमंतांची चैन होती. पेटंटची मुदत १७ वर्षांची. ती १९२० मध्ये संपली. मोटारी लाखोंनी रस्त्यावर आल्या तेव्हा अँडरसनच्या हाती काहीही हक्क उरला नव्हता. १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या गाड्यांना वायपर मुळातूनच बसवण्यास सुरुवात केली. तिला त्यातून एक डॉलरही मिळाला नाही.

७/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वायपरचा शोध एकाच व्यक्तीने लावला’ असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. त्याच सुमारास इतरांनीही काच पुसण्याच्या साधनांची पेटंटे घेतली होती. इंग्लंडमधील ग्लॅडस्टन ॲडम्स हा छायाचित्रकार १९०८ मध्ये एफए कपचा अंतिम सामना पाहून लंडनहून न्यूकॅसलला परतत असता वाटेत बर्फाने बेजार झाला आणि १९११ मध्ये त्याने आपल्या वायपरचे पेटंट घेतले. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड या स्त्रीने विजेवर चालणाऱ्या, पात्यांऐवजी रूळ असलेल्या साधनाचे पेटंट घेतले. मूकपटांतील प्रसिद्ध अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स ही तिची कन्या. या दोघांच्याही पदरी व्यापारी यश पडले नाही. गरज एक असली की तिची उत्तरे अनेक डोक्यांत उमटतात. त्यांतले बाजारात कोणते टिकेल, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते.

८/
बाजारात टिकलेले उत्तर बफेलो शहरातून आले. जॉन ओइशे हा तेथील नाट्यगृहाचा व्यवस्थापक. एका पावसाळी रात्री गाडी चालवत असताना समोरचे न दिसल्यामुळे त्याची धडक एका सायकलस्वाराला बसली. या प्रसंगाने तो हादरला. उपाय शोधताना त्याला जॉन जेपसन या स्थानिक माणसाने बनवलेले ‘रेन रबर’ नावाचे हातसाधन सापडले. त्या काळी गाडीची पुढची काच दोन आडव्या भागांची असे. त्या भागांमधील फटीतून हे साधन सरकवायचे आणि हाताने डावीउजवीकडे ओढायचे. १९१७ मध्ये ओइशेने त्याच्या विक्रीसाठी कंपनी उभारली. पुढे ती ‘ट्रायको’ या नावाने जगभर ओळखली गेली.

९/
ओइशेकडे शोधकाची प्रतिभा नसेल, पण व्यापाऱ्याची नजर होती. गाडी एकदाच विकली जाते आणि रबर वारंवार झिजते. मोटार कारखान्यांना मूळ जोडणीसाठी माल पुरवायचा आणि मोटारमालकांना तोच माल बदलीसाठी विकायचा, अशी दुहेरी वाट या धंद्याला लाभली. त्यातली दुसरी वाट गाडी भंगारात जाईपर्यंत चालू राहते. आजही वायपरच्या किमतीचे कोडे सोडवायचे तर याच दुसऱ्या वाटेकडे पाहावे लागते.

१०/
हाताने दांडी ओढायची म्हणजे चालकाचा एक हात त्यातच गुंतलेला. म्हणून शक्तीवर चालणारे वायपर आले. १९२० च्या आसपास क्लीव्हलँडच्या विल्यम फोलबर्थने इंजिनच्या ‘ओढी’वर चालणारा वायपर पुढे आणला. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा तिच्या मार्गात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब कमी होऊन निर्वात निर्माण होतो. तेथून एक नळी काढून तिच्या जोरावर वायपर हलवायचा. वेगळी मोटार नको आणि बॅटरीवर भार नको. इंजिन चालूच आहे, त्याची ओढ फुकटची. कारखानदाराच्या दृष्टीने याहून स्वस्त तोडगा नव्हता.

११/
पण या स्वस्ताईची किंमत चालक मोजत होता. ॲक्सिलरेटर दाबला की हवेचा मार्ग मोकळा होतो आणि निर्वात घटतो. निर्वात घटला की वायपर मंदावतो किंवा थांबतो. बोरघाटाची चढण डोळ्यांसमोर आणली म्हणजे याचा अर्थ कळेल. धो धो पाऊस, समोर वळण, गाडी चढावर दम खात आहे आणि नेमक्या त्याच वेळी वायपर काचेच्या मध्यावर अडकून बसला आहे. पाय उचलला तर वायपर चालतो पण गाडी मागे पडते. पाय दाबला तर गाडी चालते पण दिसत नाही. १९२६ मध्येच बॉशने विजेवर चालणारा वायपर बाजारात आणला होता. तरीही अमेरिकेत निर्वातावरचे वायपर १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तग धरून होते. चांगला उपाय उपलब्ध असूनही स्वस्त उपाय किती काळ टिकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१२/
आता पात्याकडे वळू. काच सपाट होती तोवर पाते म्हणजे पत्र्याच्या पन्हळीत बसवलेली सरळ रबरी पट्टी, एवढेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वक्र काचांची लाट आली आणि १९५० च्या दशकात तर काच दोन्ही बाजूंना वळून जाऊ लागली. सरळ पट्टी वक्र काचेवर टेकवली तर मध्यभाग टेकतो आणि टोके अधांतरी राहतात, किंवा उलट. यावरचे उत्तर अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या जॉन अँडरसनच्या कंपनीसारख्या उत्पादकांनी दिले. आडनाव तेच असले तरी मेरी अँडरसनशी या कंपनीचा संबंध नाही.

१३/
ते उत्तर असे : एका मोठ्या कमानीच्या दोन टोकांना दोन छोट्या कमानी आणि गरजेप्रमाणे त्यांच्याही टोकांना आणखी छोट्या कमानी. भुजेचा दाब मधल्या एका बिंदूवर येतो आणि तेथून वाटला जात रबराच्या पूर्ण लांबीवर पोहोचतो. घोडागाडीच्या साजात दोन घोड्यांची ओढ समान राखण्यासाठी झुलता आडवा दांडा असे. इंग्रजीत या रचनेला त्याच दांड्याचे नाव मिळाले आहे. तराजूच्या दांडीला आणखी दोन तराजू टांगावेत, असे तिचे चित्र मनाशी धरता येईल.

१४/
या रचनेमुळे वायपरचे तीन स्पष्ट भाग झाले. गाडीला जोडलेली भुजा, तिच्या टोकाला अडकवलेली कमानींची चौकट आणि चौकटीच्या नख्यांत सरकवलेली रबराची पट्टी. तिघांचे आयुष्य अगदी वेगळे असते. भुजा गाडीइतकी जगते, चौकट काही वर्षे काढते आणि रबर मात्र एखाद्या वर्षाचे सोबती. म्हणूनच कित्येक दशके फक्त रबर, म्हणजे ‘रिफिल’, सुटे मिळत असे. अमेरिकेत पेट्रोल पंपावरचा नोकर तेल तपासता तपासता जुनी पट्टी ओढून नवी सरकवून देई. जे झिजले तेच बदलायचे, हा व्यवहार त्या काळी स्वाभाविक मानला जात होता.

१५/
रबर इतक्या लवकर का जाते? वायपरची धार काचेवर सरळ उभी टेकत नाही, ती किंचित कलून घासते. पाते एका टोकाला पोहोचून परत फिरले की धारही पलटी खाऊन दुसऱ्या बाजूला कलते. ही पलटी प्रत्येक फेरीत दोनदा घडते. रबर मऊ असेपर्यंत ती सहज होते. ऊन, हवेतील ओझोन आणि इंजिनाची उष्णता यांमुळे रबर कडक झाले की धार पलटत नाही. ती काचेत रुतून उड्या मारू लागते. पाते थडथडते, करकरते आणि पाणी पुसण्याऐवजी फासते.

१६/
महाराष्ट्राच्या हवामानात हा प्रकार आणखी ठळक होतो. ऑक्टोबर ते मे वायपर जवळजवळ वापरलाच जात नाही. ‘वापरला नाही म्हणजे झिजला नाही’ असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दख्खनच्या उन्हात उभ्या गाडीच्या तापलेल्या काचेवर ते रबर आठ महिने भाजत असते. वायपरचा खरा नाश उन्हाळ्यात होतो, पावसाळ्यात तो केवळ उघडकीला येतो. जूनमधील दुकानांतल्या गर्दीचे कारण हेच.

१७/
या इतिहासातील सर्वांत गाजलेला लढा मात्र रबराचा नव्हता, तो विजेच्या मंडलाचा होता. रॉबर्ट कर्न्स हा डेट्रॉइटचा अभियंता. १९५३ मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडून त्याचा डावा डोळा जवळजवळ निकामी झाला. पुढे रिमझिम पावसात गाडी चालवताना सतत फिरणारा वायपर त्याला त्रासदायक वाटे. पापणी सतत मिटत नाही, थांबून थांबून लवते, मग वायपरनेही तसेच का करू नये? १९६४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ मध्ये ते मंजूर झाले. फोर्डने त्याच्याशी बोलणी केली, ती पुढे थांबली आणि १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांत थांबून थांबून चालणारे वायपर दिसू लागले.

१८/
कर्न्सने १९७८ मध्ये फोर्डवर आणि १९८२ मध्ये क्रायस्लरवर दावा लावला. कंपनीचा बचाव असा होता की ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर हे सारे आधीपासूनच उपलब्ध सुटे भाग आहेत, त्यांच्या जुळणीत नवे ते काय? कर्न्सचे म्हणणे, नवेपण त्या जुळणीतच आहे. १९९० मध्ये फोर्डने १०२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. १९९२ मध्ये ज्यूरीने क्रायस्लरविरुद्ध निर्णय दिला आणि व्याजासह ती रक्कम सुमारे ३ कोटी डॉलरवर गेली. या लढ्यात त्याचा संसार मोडला आणि उमेदीची वर्षे खर्ची पडली. २००५ मध्ये तो वारला. २००८ चा ‘फ्लॅश ऑफ जीनियस’ हा चित्रपट त्याच्यावरच आधारलेला आहे.

१९/
अँडरसन आणि कर्न्स यांच्या कथेत पेटंट हे एकट्या माणसाचे शस्त्र आहे. पण त्याच शस्त्राची दुसरी धार गिऱ्हाइकाकडे वळू शकते. वस्तूवर पेटंट असेल तर तिचा झिजलेला भाग बदलण्याचा अधिकार कोणाचा? वस्तूच्या मालकाचा की पेटंटच्या मालकाचा? स्वस्त सुट्या भागांचे सारे भवितव्य या एका प्रश्नावर अवलंबून होते.

२०/
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १८५० मध्येच आला होता. लाकूड रंधणाऱ्या एका पेटंटधारी यंत्राची पाती दोन-तीन महिन्यांत झिजत, यंत्र मात्र वर्षानुवर्षे चाले. पाती बदलणे ही दुरुस्ती आहे, नव्याने यंत्र बनवणे नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. १९६१ मध्ये ‘आरो’ खटल्यात हाच मुद्दा मोटारीपर्यंत आला. उघड्या मोटारीचे कापडी छत साधारण तीन वर्षांत फाटे, बाकीची चौकट गाडीभर टिके. दुसऱ्या उत्पादकाने तेवढे कापड स्वस्तात विकले तर पेटंटचा भंग होतो का? न्यायालय म्हणाले, होत नाही. कापडावर स्वतंत्र पेटंट नाही आणि आपल्या मालकीच्या वस्तूचा झिजलेला भाग बदलणे हा मालकाचा हक्क आहे.

२१/
१९८६ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ब्रिटिश लेलँड विरुद्ध आर्मस्ट्राँग हा खटला आला. वाद होता गाडीच्या धुराच्या नळीचा. मूळ नळीच्या आराखड्यावर आपला कॉपीराइट आहे, म्हणून तशीच नळी दुसऱ्याने बनवू नये, असे मोटार कंपनीचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी ते मानले नाही. गाडी विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीचा मार्ग अडवून धरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. रंध्याची पाती, गाडीचे छत आणि धुराची नळी या तिन्ही वस्तूंची जात वायपरच्या रबराचीच. बाजारात आज दहा उत्पादकांची पाती एकाच गाडीसाठी मिळतात, त्यामागे विचारांची ही परंपरा आहे.

२२/
भारतात स्वस्ताईचा मार्ग काही काळ निराळ्याच कारणाने मोकळा होता. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली गाडी तीन दशकांहून अधिक काळ फारशी न बदलता बनत राहिली. ॲम्बेसेडरचेही तेच. गाड्यांचे प्रकार मोजके आणि वर्षानुवर्षे तेच भाग. त्यामुळे लहान कारखानदारालाही ते बनवणे परवडे आणि गल्लीतल्या दुकानातही ते मिळत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याला वायपरचे रबर शोधत हिंडावे लागत नसे. गिऱ्हाइकाला निवड नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे खरेच. पण त्या साचलेपणाचा एक लाभ सुट्या भागांच्या स्वस्ताईत दिसत होता.

२३/
१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि गाड्यांचे प्रकार झपाट्याने वाढले. प्रत्येक गाडीबरोबर पात्याची लांबी बदलली. चालकासमोरचे पाते मोठे आणि शेजारचे लहान, हे सर्रास झाले. शिवाय भुजेला पाते अडकवण्याच्या पद्धती वाढल्या : आकड्याची, आडव्या खिळीची, बटण दाबून सुटणारी, वरून झडप बसणारी, बाजूने चिमटीत धरायची. लांबी जुळली तरी अडकवण जुळत नाही आणि अडकवण जुळली तर लांबी चुकते, असा नवा घोळ सुरू झाला. दुकानदाराला इतक्या जातींची सुटी रबरे ठेवणे परवडेनासे झाले.

२४/
१९९९ मध्ये बॉशने कमानी नसलेले सपाट पाते बाजारात आणले. त्यात कमानींचे काम रबराच्या आतील वाकवलेली पोलादी पट्टी करते. हे पाते सरस आहे यात शंका नाही. दाब अधिक सारखा पडतो, आवाज कमी होतो, वाऱ्याने ते उचलले जात नाही आणि थंड प्रदेशांत सांध्यांत बर्फ अडकत नाही. पण रबर, पोलाद आणि आवरण येथे एकजीव झाले. अशा पात्याचे रबर सुटे मिळणे दुर्मीळ. झिजते ती पूर्वीइतकीच बारीक धार, फेकले जाते मात्र पूर्ण पाते. मेरी अँडरसनच्या काढ-घाल करता येणाऱ्या साधनापासून निघालेला प्रवास अशा रीतीने न सुटणाऱ्या वस्तूपाशी येऊन पोहोचला.

२५/
सुट्या भागांच्या किमतीचा प्रश्न भारतातही न्यायासनापुढे आला. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे म्हणजे बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि वाद वरच्या पायऱ्यांवर गेला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता.

२६/
वायपर ही केवळ सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम आहे. काच असलेल्या मोटारीला शक्तीवर चालणारा, नीट काम देणारा वायपर असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे ‘महाग आहे, पुढच्या वर्षी पाहू’ हे म्हणणे कायद्यालाही धरून नाही आणि समोरून चालत येणाऱ्या माणसाच्या हिताचेही नाही. ओइशेच्या गाडीपुढे आलेला सायकलस्वार आजही प्रत्येक पावसाळी रात्री कोठेतरी रस्त्यावर असतोच.

२७/
मग या इतिहासाचा आज दुकानात काय उपयोग? पहिला, मोटार कंपन्या बहुधा वायपर स्वतः बनवत नाहीत, पुरवठादाराकडून घेतात. त्याच पुरवठादाराचे पाते त्याच्या स्वतःच्या नावाने अनेकदा कमी किमतीत मिळते. दुसरा, दोन्ही पाती वेगवेगळी मोजावीत आणि भुजेच्या टोकाची अडकवण पाहून, शक्य तर जुने पाते बरोबर नेऊन खरेदी करावी. तिसरा, गाडीला कमानींचे पाते असेल आणि चौकट वाकलेली किंवा गंजलेली नसेल, तर सुटे रबर अवश्य विचारावे. ते अजून पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. भुजा आकड्याची असेल तर कमानींचे आणि सपाट अशी दोन्ही प्रकारची पाती तिला सहसा बसतात.

२८/
चौथा, नवे घेण्याआधी काच आणि रबराची धार ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून पाहावी. पुष्कळदा दोष तेलकट काचेचा असतो आणि शिक्षा पात्याला होते. पाचवा, नवे पातेही थडथडत असेल तर भुजेची स्प्रिंग सैल झाली आहे का ते पाहावे. आणि शेवटचा, रबर निघून आलेले पाते एक दिवसही चालवू नये. उघडा पत्रा काचेवर जो चरा पाडतो तो पुसला जात नाही, आणि पुढची काच बदलण्याचा खर्च पात्यांच्या कितीतरी पट असतो. फार जुने झालेले रबर वाचवणे ही काटकसर नव्हे.

२९/
मेरी अँडरसन १९५३ मध्ये ८७ व्या वर्षी वारली. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये तिचे नाव २०११ मध्ये समाविष्ट झाले, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. तिच्या साधनाला व्यापारी मूल्य नाही असे तिला एकदा कळवण्यात आले होते. आज जगातील प्रत्येक मोटारीला ते आहे आणि त्याचे रबर कोणी, कोणत्या किमतीला विकावे यावर न्यायालये आणि आयोग विचार करीत बसतात. येत्या जूनमध्ये काउंटरवर पात्यांचे खोके पुढे आले की एक प्रश्न जरूर विचारावा : “नुसते रबर मिळेल का?” उत्तर बहुधा नकारार्थी येईल. पण हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइके उरली, तरच दुकानदार सुटे रबर ठेवील.

(धागा समाप्त)